चाळीस पीस आणि एक खण

उदगीरच्या बाजारात माझं दुकान आहे. पाटीवर ‘पाशामियाँ टेलर्स आणि मॅचिंग सेंटर’ असं लिहिलंय, पण आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका त्याला ‘पाशाभाईचं दुकान’ म्हणतात आणि पाटीकडे ढुंकूनही बघत नाहीत. ब्लाउज शिवणं, साडीला फॉल लावणं आणि पीस विकणं, एवढ्यावर आमच्या तीन पिढ्या जगल्या. त्यातही खरा आधार पिसांचा. शिवलेलं अंगाला बसलं नाही तर बाई भांडायला येते. पीस नेलेली बाई कधी येत नाही, कारण तो तिला शिवायचाच नसतो.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. ओटी भरताना नारळ, तांदूळ आणि ब्लाउजचा पीस देतात. ज्या बाईला मिळतो ती तो घडीसकट कपाटात ठेवते आणि दुसऱ्या कुणाची ओटी भरायची वेळ आली की पुढे सरकवते. ती दुसरीही तेच करते. मी विकलेला एक पोपटी पीस अकरा वर्षांनी, शेजारच्या बारशाला गेलेल्या माझ्या बायकोच्या, बानोच्या हातात पडलेला मी स्वतः पाहिलाय. घडीसुद्धा माझ्या हातची होती. या अकरा वर्षांत त्याने किती गावं पाहिली असतील ते त्यालाच माहीत. पीस फिरत राहतो, घरं एकमेकांशी बोलत राहतात, आणि माझं दुकान चालतं.

आता माझ्या दुसऱ्या गुणाबद्दल. मला इंग्रजी येतं. फार नाही, पण कागदावर लिहिलेलं वाचून अर्थ सांगता येतो. शाळेत माझ्या बाकावर अमरनाथ बसायचा. शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, उदगीरला मावशीकडे राहून शिकणारा. इंग्रजीचा पेपर तो माझा बघून लिहायचा आणि गणिताचा मी त्याचा. शाळा संपल्यावर मी अब्बांच्या मशिनीवर बसलो आणि तो फौजेत गेला.

सत्त्याऐंशी साली त्याची पलटण श्रीलंकेला निघाली. जाण्याआधी तो सुट्टीवर आला आणि आमच्या दुकानातून धाकट्या बहिणीसाठी एक खण घेतला. गुळेदगुड्डच्या मागावरचा, जांभळा, लाल काठाचा. त्या गठ्ठ्यातला सगळ्यात चांगला मी निवडून दिला. काठाजवळ विणकराच्या हातून एक पिवळा धागा चुकून आत शिरला होता. मी म्हटलं दुसरा देतो, तर म्हणाला, “राहू दे, खूण राहील.” बहीण बारा वर्षांची होती. लग्नात शिवील म्हणाला.

नऊ महिन्यांनी त्यांच्या गावचा एक माणूस सायकलवरून मला न्यायला आला. तार आली होती, इंग्रजीत, आणि गावचे मास्तर रजेवर होते. वीस मैल मी त्याच्या मागे कॅरिअरवर बसून गेलो. अंगणात सगळं गाव जमलं होतं. मी तार वाचली आणि मराठीत सांगितली. त्यात फौजेचं नाव होतं, ‘पीस कीपिंग फोर्स’. मी म्हटलं, शांतिसेना. मग पुढचं सांगितलं. दाराची चौकट धरून ती बहीण उभी होती. सगळे रडायला लागले तेव्हा तिने मला विचारलं, “पाशाभाई, शांतिसेना म्हंजी तितं शांती असती न्हवं?” मी तारेची घडी केली आणि तिच्या हातात दिली.

ती बहीण म्हणजे सिंधुताई. त्या दिवसापासून त्यांच्या घरात ‘शांतिसेना’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. आणि त्या दिवसापासून कुठलाही इंग्रजी कागद आला की सिंधुताई माझ्याकडे येतात. दवाखान्याचा रिपोर्ट असो की फवारणीच्या औषधाची चिठ्ठी. मी जे वाचीन ते खरं, असा त्यांचा हिशेब. मी एवढा खरा माणूस नाही, पण त्या भरवशाला जपत आलो होतो. मागच्या वर्षापर्यंत.

त्यांचा एकुलता एक मुलगा हरिओम. त्या घरी घरजावई म्हणून आलेला बाप ग्यानोबा आठ वर्षांपूर्वी गेला. घरात देवणी जातीचे गाईबैल कायम बांधलेले, त्यामुळे पोराचं बालपण गोठ्यातच गेलं. गाईला ताप आलाय हे तो नुसता कान धरून सांगायचा. पुढे फौजेत भरती झाला तोही जनावरांच्या दवाखान्याकडे, डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली. आज नाईक आहे. मामाचं नाक, मामाचं हसणं आणि मामासारखाच हट्टी.

मागच्या वर्षी लगीनसराईत, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, सिंधुताई आल्या. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग जवळ येऊन म्हणाल्या, “पाशाभाई, पीस कीपिंग म्हंजी काय वो?”

माझ्या हातातली कात्री थांबली. “कुणाकडनं ऐकलाव?”

“हरिओम सुट्टीवर आलाय. म्हणतो, मला पीस कीपिंगला घेतलं. दक्षिण सुदानला.”

मला अर्थ चांगला माहीत होता. सदतीस वर्षांपूर्वी त्यांच्या अंगणात त्याच शब्दाचा मी अर्थ सांगितला होता. तो पुन्हा सांगायला जीभ उचलेना. आणि माझी एक जुनी खोड आहे, घाबरलो की थट्टा करतो.

“पीस म्हंजी पीस,” मी समोरच्या गठ्ठ्यावर थाप मारून म्हणालो, “आन् कीपिंग म्हंजी सांभाळनं. फौजंत बी कापड लागतंच की. पोरगा माझ्याच धंद्यात आला म्हना.”

मला वाटलं त्या हसतील, मीही हसेन, आणि मग धीर करून खरं सांगेन. त्या हसल्या नाहीत. गठ्ठ्यातल्या वरच्या पिसावरून त्यांनी सावकाश हात फिरवला.

“आसं,” त्या म्हणाल्या. “तितं पीस लई असत्याल मग.”

“असत्याल की. तिकडं कापडाचा मोठा बाजार हाय.”

हे दुसरं खोटं. पहिल्याला सोबत लागते. सिंधुताईंनी आणखी काही विचारलं नाही, दोन रिळं घेतली आणि एसटी पकडायला गेल्या. मस्करीची कुस्करी म्हणतात ती अशी होते. त्या दिवशी मी एका नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या जोडल्या.

दुसऱ्या दिवशी हरिओम दुकानात हजर. “पाशामामू, आईला तुमी काय सांगितलं?”

मी मान खाली घातली. तर हे पोरगं स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलं. बानो आतून चहा घेऊन आली तरी हसतच होतं. मग डोळे पुसून म्हणालं, “मामू, वाचवलं तुमी मला. मी मुद्दाम इंग्रजी शब्द वापरला व्हता. मराठीत सांगितलं असतं तर तिला लगेच कळलं असतं.”

“आरं, पर हे कुठवर चालंल? ती माझ्या भरवशावर हाय.”

“ऐका. हे नाव देऊन जायाचं असतंय. अजून माघार घेता येती. आई न्हाई म्हनली तर मी नाव काढून घीन, तिच्या शब्दाबाहेर मी जायाचा न्हाई. पर मामू, मला जायाचं हाय.”

“का? हितं काय कमी हाय? आन् तुझा मामा...”

“मामामुळंच.” तो जरा थांबला. “ल्हानपणापासून घरात मामाचा फोटो बघून राहिलो. कुणी सांगत न्हाई तो तितं काय करत व्हता. मी फौजेत गेल्यावर समदं वाचलं. ती आपल्या एकट्या देशाची फौज व्हती. ही येगळी हाय. ही समद्या जगाची हाय.”

मग त्याने मला समजावून सांगितलं. मी कापडवाला माणूस, मला ठाऊक नव्हतं. आज जगात अकरा ठिकाणी ही निळ्या टोपीची माणसं उभी आहेत. शे-सव्वाशे देशांतून आलेली, साठेक हजार. नेपाळचा जवान, घानाचा डॉक्टर, बांगलादेशाची पोलीस बाई, एका तंबूत. अठ्ठेचाळीस सालापासून हे चालू आहे. आपल्या देशातून आजवर अडीच लाखांहून जास्त माणसं जाऊन आली आणि एकशेऐंशीच्या आसपास आलीच नाहीत. एवढी दुसऱ्या कुठल्या देशाची गेली नाहीत. सगळ्या देशांची मिळून चार हजारांवर गेली. आकडे सांगताना त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा सरळ झाला होता.

“आन् शत्रू कोण?” मी विचारलं.

“शत्रू न्हाईच मामू. तीच तर गंमत हाय. बंदूक असती, पर जिकायचं काय नसतंय. दोघं बांधावरनं कुऱ्हाडी घिऊन भांडतेत, आन् तुमी जाऊन बांधावर हुबं ऱ्हायाचं. दोघांच्या बी शिव्या खायाच्या. हलायचं न्हाई. कवा कवा जमतंय, कवा न्हाई जमत. पर हुबं ऱ्हायलं म्हणून किती तरी घरं वाचतेत.”

“आन् तू जनावरांचा माणूस. तुझं तितं काय काम?”

“तितली माणसं गाईंसाठी जीव देतेत मामू. एकमेकांच्या गाई पळवण्यावरनं गावंच्या गावं जळतेत. म्हणून आपल्या पलटणीसंगं जनावरांचा दवाखाना असतोय. दोन्ही बाजूंच्या गाईंना फुकट औषध. गाय बरी झाली की माणूस बोलाया लागतोय.”

मला हे फार आवडलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर मी बांधावरची भांडणं पाहिली. कोर्टात उभे राहणारे पाहिले, पोलिसांत जाणारे पाहिले, पण दुसऱ्याच्या बांधावर, दुसऱ्याच्या देशात जाऊन उभं राहायला कुणी निघतं, हे पाहिलं नव्हतं. अमरनाथचा भाचा तो. मी गप्प राहायचं कबूल केलं.

उदगीर स्टेशनवर त्याला सोडायला गेलो तेव्हा सिंधुताई एक पिशवी घेऊन आल्या होत्या. चांगली फुगलेली. त्यांनी ती हरिओमच्या हातात दिली.

“काय हाय आई?”

“चाळीस पीस हायेत. गावातल्या घराघरातनं गोळा केले. बाया म्हनल्या, पडूनच हायेत, न्हे. सांभाळाया जायाचं तर रिकाम्या हातानं कसं जायाचं?”

हरिओमने माझ्याकडे पाहिलं. मी सिग्नलकडे पाहिलं. त्याच्या सामानाला वजनाची मर्यादा होती, आणि काय काय न्यायचं याची यादी ठरलेली होती. पण त्याने स्वतःची बॅग उघडून दोन टॉवेल, साबणाची डबी आणि लोणच्याची बरणी मला काढून दिली आणि त्या जागी पिसांची पिशवी कोंबली. ते लोणचं बानोने नंतर कौतुकाने खाल्लं. मी माझी फोड तिच्याच ताटात सरकवली.

पुढचे सात महिने सिंधुताई दर आठवडी बाजाराला दुकानात यायच्या आणि हरिओमची खबर सांगायच्या. मी मान डोलवायचो. सुरुवातीच्या खबरी साध्याच, ऊन लई हाय, नदी लई मोठी हाय. मग एकदा त्या म्हणाल्या, “पाशाभाई, पीस लागले म्हणं त्याला.”

“कशाला?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“सांभाळाया न्हेले न्हवं? मग लागणारच की.”

खरी हकिकत हरिओमने मला वेगळा फोन करून सांगितली. नदीकाठच्या माळावर हजारो गाईंना लस टोचायची होती. आपल्याकडे टोचलेल्या जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारतात. तिथे तो चालेना. तिथे कान कापून मालकाची खूण केलेली असते, त्यामुळे कानाला हात लावला की लोकांना वाटायचं, गाय आता सरकारजमा झाली. माणसं भाले घेऊन उभी राहिली. रंग लावून पाहिला, तर तो पाण्यात गेला. कोणती टोचली नि कोणती राहिली याचा मेळ बसेना. डॉक्टरसाहेब डोक्याला हात लावून बसले. मग या पठ्ठ्याला पोळा आठवला.

त्याने पिशवी काढली, पिसांच्या पट्ट्या फाडल्या आणि टोचलेल्या जनावराच्या शिंगाला एकेक बांधत सुटला. पोपटी, राणी कलर, मोरपंखी, हळदी. तिथल्या लोकांनाही आवडत्या बैलाच्या शिंगाला गोंडे बांधायची हौस असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. लोक खूश झाले. स्वतः गाई हाकत आणायला लागले. दुसऱ्या बाजूची माणसं लांबून बघत होती. चार दिवसांनी त्यांचा एक म्हातारा आला आणि आमच्या गाईंना का नाही म्हणून भांडायला लागला. महिन्याभरात दोन्ही बाजूंच्या कळपांच्या शिंगांवर शिरूर अनंतपाळच्या बायकांच्या ओट्या फडकत होत्या.

मी हे ऐकलं आणि दुकान अर्ध्यावर बंद करून घरी गेलो. बानोला सांगता सांगता मी डोळे पुसायला लागलो. बानो म्हणाली, “रोते काय कू? अच्छा काम करा ना बच्चा.” चांगलं काम केलं म्हणूनच रडू येत होतं, पण ते तिला कसं सांगू?

आणि मग, भर पावसाळ्यात, मी मोबाइलवर बातमी वाचली. दक्षिण सुदानात एका ठाण्याबाहेर गोळीबार. निळ्या टोपीवाले जखमी. देशाचं नाव दिलं नव्हतं, जवानाचंही नव्हतं. मी हरिओमला फोन लावला. बंद. संध्याकाळी बंद, दुसऱ्या दिवशी बंद. दोन दिवस मी दुकानात सिंधुताईंची वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीत बसलो.

वाटेत एकच विचार. तिला माझ्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकावं लागणार, आणि या खेपेला आधी खोटं सांगितलेल्या तोंडून. ‘तुमी तर म्हणला व्हता पीस सांभाळायला,’ असं ती म्हणाली तर मी काय सांगू?

गेलो तर सिंधुताई गोठ्यात होत्या. दोन्ही गाई धुऊन काढलेल्या, गव्हाणीत वैरण. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “या पाशाभाई. आज वाट चुकलाव?”

“हिकडं एक कापडाचं काम व्हतं.” तिसरं खोटं.

त्यांनी ओट्यावर घोंगडं टाकलं, चहा केला, ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली. स्वतः घेतली नाही.

“तुमी?”

“माझा उपास हाय.”

गुरुवार होता. मी म्हटलं असेल. पण उंबऱ्यात बसलेली शेजारीण बोलून गेली, “पाशाभाई, जरा सांगा ह्यास्नी. मंगळवारपून उपास करून राहिल्यात. मंगळवारचा ठीक हाय, पर बुधवारचा उपास कुटं असतोय का?”

“असतोय एखांदा,” सिंधुताई म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या. शेजारीण निघून गेली. हिला काही ठाऊक नाही, मी स्वतःला सांगत होतो, काही ठाऊक नाही. पण बातमी आली होती मंगळवारी.

तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला त्यांचा मोबाइल वाजला, मेसेजचा आवाज. त्या हात न पुसताच उठल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. “बगा कुणाचा हाय.”

हरिओमचा होता. व्हिडिओ. मी तो लावला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे, पण हसत होता. “आई, तीन दिस हितं नेट नव्हतं. मी ठीक हाय. लई काम व्हतं, पीस मोजायचे व्हते.” मग त्याने फोन फिरवला. तारेच्या कुंपणाच्या आत माणसंच माणसं, बायका, पोरं, आणि त्यांच्यामधून गाई, शिंगांना आपल्या पट्ट्या. “आई, ह्यो बग,” मागून त्याचा आवाज आला, “ह्यो हितला सगळ्यात मोठा बैल. पिशवीच्या तळाला एकच कापड येगळं निघालं, लई जुनं. ते फाडूशी वाटंना, म्हणून आख्खं ह्याला बांधलं.”

प्रचंड शिंगांचा पांढरा बैल होता. दोन शिंगांच्या मधे, कपाळावर, जांभळा खण. लाल काठ. बैलाने मान हलवली तेव्हा तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला आणि काठाजवळचा पिवळा धागा मला दिसला.

मी व्हिडिओ थांबवला.

“ताई, ह्यो खण...”

“हाव. अमरनाथचाच.”

“तुमी तर लग्नात बी शिवला नव्हता.”

“न्हाई शिवला. कुणाच्या ओटीत बी दिला न्हाई. सदतीस वर्सं एका जागी व्हता.” त्या खाली बसल्या आणि पदराने हात पुसायला लागल्या. “ती तार माझ्या पेटीत हाय पाशाभाई. इंग्रजी वाचता येत न्हाई, पर अक्षरं किती येळा बघितली आसत्याल. गाईच्या अंगावरचे ठिपके ओळखू येतेत का न्हाई, तसं. हरिओमनं पलटणीचा कागद खुंटीवरच्या अंगरख्यात ठिवला व्हता. त्यात तेच शब्द व्हते. त्याच ओळीनं.”

“मग तुमी मला इचाराया का आलाव?”

“तुमी काय सांगताव ते बगाया.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, तेच मला जड गेलं. “तुमी शांतिसेना म्हणला असताव तर मला न्हाई म्हणावं लागलं असतं. आई हाय मी. कळल्यावर हाव कसं म्हणू? तुमी मस्करी केलाव. म्या म्हणलं, बरं झालं. आता मला ठावं न्हाई.”

मी सदतीस वर्षं समजत होतो की या घरात इंग्रजी फक्त मला येतं.

“त्याला जायाचं व्हतं,” त्या म्हणाल्या. “अमरनाथला बी असंच जायाचं व्हतं. त्या येळेस आईनं धा दिस रडून त्याला धाडलं. तो जाताना मागं वळून वळून बघत व्हता. ह्यो हसत गेला. येवढं तरी मला करता आलं. खण संगं दिला, म्हणलं मामा असू दे सोबत.”

मग माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, जणू मीच घरातला दुःखी माणूस होतो.

तेवढ्यात फोन आला. खुद्द हरिओम. सिंधुताईंनी मला खुणेनेच घ्यायला सांगितलं आणि उठून गोठ्याकडे गेल्या.

“पाशामामू? तुमी आमच्या घरी?” त्याचा आवाज बसला होता. “बातमी वाचलाव का? आमच्यातले दोघं जखमी हायेत, दोघं बी वाचत्याल. दोन्ही बाजू पेटल्या व्हत्या. गावातली माणसं गाई घिऊन आमच्या फाटकावर आली, साहेबांनी फाटक उघडलं. दोन हजार माणसं आत घेतली. आमी भाईर हुबं ऱ्हायलो, तीन दिस. हाललो न्हाई मामू. आत दोन्ही बाजूंच्या बाया हायेत. शिंगांवरच्या पट्ट्या सारख्याच, कुणाची गाय कुणाची ते अंधारात त्यास्नी बी कळंना.” तो हसला, मग एकदम हळू बोलला. “आई जवळच हाय का? तिला काय कळलं न्हाई न्हवं?”

मी गोठ्याकडे पाहिलं. सिंधुताई गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. तोंड पलीकडे होतं, पण कान इकडेच होते; त्या मोबाइलचा आवाज तिथवर जायचा. त्यांनी मान वळवून मला पाहिलं आणि दोनदा हलवली. नाही.

मग ओट्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, “त्याला वाटतंय आई निवांत हाय. तसंच वाटू द्या. जिवाला घोर घिऊन कुणी हुबं ऱ्हावू शकत न्हाई.”

“मामू? ऐकू येतंय का?”

“येतंय, येतंय,” मी म्हणालो. “तिला काय कळतंय रे. आनखी चाळीस पीस गोळा करू का, इचारून राहिली.”

तिकडे तो मोठ्याने हसला, अमरनाथ हसायचा तसा. “करा म्हणावं,” तो म्हणाला. “लागत्याल.”

फोन ठेवला तेव्हा सिंधुताई चुलीजवळ येऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्या ताटलीतली उरलेली अर्धी भाकरी उचलली, तिच्यावर चटणी घेतली आणि मंगळवारपासूनचा उपास सोडला.